विटांची आगगाडी: लेगो ट्रेनचा पहिला सेट कसा निवडावा

लेगोची आगगाडी घ्यायचं मनात आलं की माणूस आधी इंजिनांचे फोटो बघत बसतो. हिरवं वाफेचं इंजिन, तपकिरी स्विस इंजिन, सोनेरी रेघांचे निळे डबे. एखादं आवडतं, पैसे भरले जातात, खोकं घरी येतं आणि मग कळतं की आत मोटर नाही. किंवा मोटर आहे, पण घरात रूळ मांडायला जागा नाही. किंवा स्वस्तात मिळालेल्या जुन्या सेटचा प्लग नव्या मोटरला बसतच नाही.

म्हणून या लेखातला क्रम जाणूनबुजून उलटा आहे. आधी जागा, मग वीज, मग सेट आणि इंजिनाचं देखणेपण सगळ्यात शेवटी. हा लेख मोठ्या माणसांसाठी आहे, ज्यांना छंद म्हणून गाडी चालवायची आहे आणि पुढे वाढवायची आहे. नुसती शोकेसमध्ये ठेवायची असेल तर थेट चौथ्या पायरीवर जा, तुमचं काम सोपं आहे.

## १. आधी ठरवा: चालवायची की ठेवायची?

या एका प्रश्नावर खर्च, जागा आणि सेट हे तिन्ही बदलतात. चालवायची गाडी म्हणजे मोटर, हब (रिमोटचं ऐकून मोटरला वीज देणारी बॅटरीची पेटी), रिमोट आणि बंद वर्तुळ होईल इतके रूळ. ठेवायची गाडी म्हणजे तपशीलवार इंजिन आणि त्याच्याखाली हातभर रूळ. दोन्ही एकाच खोक्यात क्वचितच मिळतात.

घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल आणि निमित्त त्याचं असेल, तर डुप्लोची, म्हणजे लेगोच्या लहान मुलांसाठीच्या मालिकेतली, गाडी घ्या. डुप्लोच्या विटा दुप्पट मोठ्या असतात, तोंडात जाण्यासारखे बारीक तुकडे नसतात. पण तिचे रूळ वेगळे. डुप्लोच्या रुळांवर पुढे मोठी लेगो ट्रेन चालेल असा हिशोब करू नका.

## २. टेप घ्या आणि जागा मोजा

ही पायरी बहुतेक जण टाळतात, कारण कंटाळवाणी आहे. पण लेगोच्या रुळांचं भूमितीशास्त्र इतकं ठरलेलं आहे की पाच मिनिटांत कागदावर सगळं कळतं.

विटेवरच्या दोन गोल गाठींमधलं, म्हणजे दोन स्टडमधलं, अंतर ८ मिलिमीटर. सरळ रुळाचा एक तुकडा १६ स्टड लांब, म्हणजे १२८ मिलिमीटर. रुळाची रुंदी स्लीपरसकट ८ स्टड, म्हणजे ६४ मिलिमीटर. वळणाचे १६ तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होतं. त्या वळणाची त्रिज्या रुळाच्या मध्यापर्यंत ४० स्टड असते, म्हणून छंदिष्ट लोक त्याला आर-४० म्हणतात.

यातून निघणारे आकडे लिहून ठेवा:

- नुसतं वर्तुळ: बाहेरून बाहेर ७०४ मिलिमीटर.
- वर्तुळात दोन्ही बाजूंना दोन-दोन सरळ तुकडे घातले की: ९६० बाय ७०४ मिलिमीटर.
- चार-चार घातले की: १२१६ बाय ७०४.
- सहा-सहा घातले की: १४७२ बाय ७०४.

म्हणजे लांबी वाढते, रुंदी मात्र ७०४ च्या खाली येत नाही. याला पळवाट नाही. साध्या टेबलाची रुंदी दोन फूट, ६१० मिलिमीटर असेल तर त्यावर लेगोची गाडी गोल फिरणार नाही, हे आजच मान्य करा. उलट तीन बाय सहा फुटांचा दिवाण ९१४ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर फळी टाकली तर सहा-सहा सरळ तुकड्यांची अंडाकृती मांडूनही दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर उरतात. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दिवाण ही या छंदाची सगळ्यात सोयीची जागा, फक्त रात्री झोपायच्या आधी गाडी उचलावी लागते.

उरणारी ती जागा शोभेची नाही. वळणावर लांब डब्याची टोकं आणि पोट रुळाबाहेर येतात. रुळाच्या दोन्ही बाजूंना निदान पाच सेंटिमीटर मोकळे ठेवा. भिंतीला घासून रूळ टाकले तर पहिल्याच फेरीत डबा अडतो.

कायमची मांडणी करायची असेल तर सुताराकडून प्लाय कापून घ्या. बाजारात प्लाय आठ बाय चार फुटांचा येतो. त्याचा अर्धा, चार बाय चारचा तुकडा १२१९ मिलिमीटर भरतो. कागदावर बघितलं तर चार-चारची अंडाकृती त्यात बसते. प्रत्यक्षात कडेला दीड-दीड मिलिमीटर उरतो आणि गाडी जमिनीवर. त्या तुकड्यावर दोन-दोनची अंडाकृतीच मांडा.

जमिनीवर मांडणार असाल तर लादीचे सांधे बघा. एक लादी जरा वर असली की तिथे रुळाची जोड उघडते. गालिचा नको: त्याचे धागे आणि घरातले केस चाकांच्या आसात गुंडाळले जातात. आणि सकाळी केर काढणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा.

## ३. वीज कोणती, हे समजल्याशिवाय एकही जुना सेट घेऊ नका

लेगोने विजेवर चालणारी गाडी १९६६ मध्ये आणली. तेव्हापासून आजवर विजेची पद्धत अनेकदा बदलली आणि जुनं-नवं दर वेळी जुळेलच असं नाही. वापरलेल्या सेटच्या बाजारात नवखा माणूस फसतो तो इथेच. म्हणून हा इतिहास जरा सविस्तर.

साडेचार आणि बारा व्होल्ट. १९६६ ची गाडी साडेचार व्होल्टच्या बॅटरीवर चालायची, रूळ निळे. १९६९ मध्ये बारा व्होल्ट आलं, ज्यात रुळांच्या मधल्या पट्टीतून वीज जायची. १९८० मध्ये रूळ करड्या रंगाचे झाले. हे सगळं संग्राहकांसाठी. आजच्या रुळांना ते सरळ जोडता येत नाहीत. पहिला सेट म्हणून अजिबात नको.

नऊ व्होल्ट. १९९१ ते साधारण २००६-०७. रुळांवर धातूची पट्टी आणि वीज थेट रुळांतून मोटरला. बॅटरी बदलायची कटकट नाही, म्हणून आजही परदेशातले कित्येक जुने छंदिष्ट यावर जीव टाकतात. पण मोटर आणि रूळ बनवणं लेगोने केव्हाच बंद केलं, त्यामुळे भाव चढे. आणखी एक धोका खास आपल्यासाठी: अमेरिकेतून येणाऱ्या जुन्या सेटचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो घातला तर जळतो. कुणी नातेवाईक प्रेमाने घेऊन आलाच, तर आधी ट्रान्सफॉर्मरच्या पाठीवर छापलेला आकडा वाचा.

इन्फ्रारेड. २००६ मध्ये धातूची पट्टी गेली, रूळ पूर्ण प्लास्टिकचे झाले आणि बॅटरी गाडीत आली. काही वर्षांतच 'पॉवर फंक्शन्स' नावाची पद्धत आली, जिचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालतो. गाडीचा सेन्सर दिसला पाहिजे, आणि भर उन्हाच्या खोलीत तो नखरे करतो. २०१४ ची ६००५१ क्रमांकाची वेगवान प्रवासी गाडी याच पिढीतली.

पॉवर्ड अप. २०१८ पासून. ब्लूटूथवर चालतं, मोबाइलवरून किंवा वेगळ्या रिमोटवरून. प्लग वेगळा, त्यामुळे पॉवर फंक्शन्सची मोटर पॉवर्ड अपच्या हबला लागत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भाग मिळतात, मोटर-दिवे-हब सुटे घेता येतात, आणि पुढे प्रोग्रॅमिंगची हौस आली तर पायब्रिक्स नावाची मोफत प्रणाली याच हबवर चालते.

एक दिलासा मात्र आहे. १९९१ नंतरच्या सगळ्या पिढ्यांचे रूळ एकमेकांना जोडता येतात. पॉवर फंक्शन्सच्या काळातले प्लास्टिकचे जुने रूळ स्वस्तात मिळाले तर डोळे झाकून घ्या. विजेचे भाग मात्र डोळे उघडे ठेवून.

## ४. आता सेट बघा

खाली दिलेले क्रमांक ओळखीसाठी आहेत. लेगोचे सेट एक-दोन वर्षांत, फार तर थोडे पुढे, बाजारातून काढले जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. तुम्ही वाचाल तेव्हा दुकानात दुसरा क्रमांक असू शकतो. प्रकार तेच राहतात.

सिटी मालिकेतली प्रवासी गाडी. २०१८ ची ६०१९७ आणि २०२२ ची ६०३३७ ही याची उदाहरणं. इंजिन, दोन-तीन डबे, मोटर, हब, रिमोट आणि वर्तुळ पूर्ण होईल इतके रूळ, सगळं एकाच खोक्यात. ६०३३७ मध्ये ७६४ तुकडे आहेत, दोन निवांत संध्याकाळींत जोडून होतो. पहिला सेट म्हणून हाच घ्या. दिसायला जरा खेळण्यासारखा आहे, मान्य. पण यातली मोटर, हब, रिमोट आणि १६ वळणं सुटी घ्यायला गेलात तर सेटच्या किमतीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणजे इंजिन आणि डबे जवळपास वरकड मिळतात.

सिटी मालिकेतली मालगाडी. ६०१९८, नंतर ६०३३६. तुकडे जास्त, रूळ जास्त, सोबत क्रेन, ट्रक वगैरे. जागा असेल आणि किमतीतला फरक फार नसेल तर ही घ्या. मालगाडीच्या वाघिणी छोट्या असतात, त्या वळणावर डब्यांपेक्षा सुबक वळतात आणि नंतर स्वतःच्या रचनेत मोडून वापरायलाही बऱ्या.

मोठ्यांसाठीची प्रदर्शनी इंजिनं. इथेच मन घसरतं. २०२० ची क्रोकोडाइल, क्रमांक १०२७७, १२७१ तुकड्यांची. हे मूळ स्विस डोंगरी विद्युत इंजिन: मधे केबिन आणि दोन्हीकडे लांब नाकाडं. मुंबईकरांना हा आकार ओळखीचा वाटेल. बोरघाट आणि थळघाट चढवायला जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, १९२८ च्या सुमारास अशाच बांध्याची इंजिनं आणली होती, रेल्वेतली माणसं त्यांना 'खेकडा' म्हणत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात त्यातलं एक उभं आहे. तर ही क्रोकोडाइल दिसते फार छान, पण खोक्यात मोटर नाही. पॉवर्ड अपचे भाग वेगळे घेऊन बसवता येतात, आणि वर्तुळाचे रूळही वेगळे घ्यावे लागतात. दुसरा सेट म्हणून उत्तम. पहिला म्हणून नको.

२०२३ ची ओरिएंट एक्सप्रेस, २१३४४, तुकडे २५४०. निळ्या डब्यांचं आतलं सामानसुमान बघण्यासारखं. पण कंपनीने त्यात मोटर बसवायची सोय ठेवलेली नाही. २०२२ ची मोठी हॉगवर्ट्स एक्सप्रेस, ७६४०५, तर ५१२९ तुकड्यांची आणि आकाराने इतकी मोठी की नेहमीच्या लेगो रुळांवर ती चालतच नाही. नाव तेच असलेले लहान सेटही येतात, म्हणून क्रमांक वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

खोक्यावर किंवा सेटच्या पानावर चार गोष्टी सापडल्या पाहिजेत: पॉवर्ड अपचं चिन्ह, मोटर, रिमोट आणि रुळांची संख्या. रुळांच्या संख्येत १६ वळणं नसतील तर वर्तुळ पूर्ण होणार नाही.

## ५. कुठून घ्यायचा, आणि भारतात इतका महाग का?

परदेशातल्या किमती बघून आपल्याकडची किंमत बघितली की धक्का बसतो. त्याचं एक मोठं कारण आयात शुल्क. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. दर बदलत राहतात, मागवण्याआधी त्या दिवशीचा दर बघा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे.

भारतातलं अधिकृत दुकान. महाग, पण बिल मिळतं आणि खोकं सीलबंद असतं. दिवाळी आणि वर्षअखेरीच्या सवलतींत किमती खाली येतात, थांबायची तयारी ठेवा. एखादा तुकडा कमी निघाला तर लेगोच्या ग्राहक सेवेकडे संकेतस्थळावरून मागता येतो, सेट क्रमांक आणि तुकड्याचा क्रमांक द्यावा लागतो.

ऑनलाइन बाजारात विक्रेत्याचं नाव बघा, संकेतस्थळाचं नाही. एकाच पानावर पाच विक्रेते असतात आणि एखाद्याची किंमत दुप्पट असते.

परदेशातून पार्सल. हा मार्ग पहिल्या सेटसाठी मी सुचवणार नाही. शुल्क, त्यावर कर, कुरिअरचं हाताळणी शुल्क असं सगळं मिळून बचत संपते आणि वर पार्सल अडकू शकतं. भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलला शुल्कमाफी मिळेल या भरवशावर राहू नका. ती सवलत डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरली आहे. तरीही मागवत असाल तर हे कागद तयार ठेवा:

- विक्रेत्याचं बिल, ज्यावर सेट क्रमांक आणि भरलेली रक्कम स्पष्ट आहे
- पैसे भरल्याचा पुरावा: कार्डाचं किंवा बँकेचं विवरण
- कुरिअर कंपनीच्या केवायसीसाठी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे आधार किंवा पासपोर्ट, पॅनही मागतात
- सेटच्या अधिकृत पानाचा छापील कागद, वस्तू काय आहे हे अधिकाऱ्याला दाखवायला

बिलावरची रक्कम कमी लिहायला विक्रेत्याला सांगू नका. पकडलं गेलं तर सेटही जातो आणि दंडही होतो.

येणाऱ्या पाहुण्यासोबत. न्यू जर्सीची बहीण किंवा म्युनिकचा मित्र येणार असेल तर हा मार्ग मराठी घरांत सर्रास वापरला जातो. खोक्यात निम्मी हवा असते. नंबर टाकलेल्या पिशव्या आणि रूळ काढून कपड्यांत ठेवले की बॅगेत सहज मावतात. सूचनापुस्तिका वजनदार असेल तर तीही नको, प्रत्येक सेटची पुस्तिका लेगोच्या संकेतस्थळावर मोफत पीडीएफ मिळते. बिल मात्र पाहुण्याच्या जवळ हवं, आणि सामानाची शुल्कमुक्त मर्यादा त्या वेळी किती आहे हे त्याने आधी बघून ठेवावं.

वापरलेला सेट. तिसरी पायरी पुन्हा वाचा. मग विक्रेत्याकडून फोटो नाही, व्हिडिओ मागा, ज्यात गाडी रिमोटवर पुढे-मागे जाते आणि दिवा लागतो. बॅटरीचं झाकण उघडून दाखवायला सांगा. सेल आत विसरले गेले असतील तर पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते, आणि तो हब गेला समजा. तुकड्यांची यादी ब्रिकलिंक किंवा रीब्रिकेबल या संकेतस्थळांवर सेट क्रमांक टाकला की मिळते. पांढरे आणि करडे तुकडे पिवळे पडलेत का बघा, खिडकीतल्या उन्हाने ते होतं.

नकली आणि जुळणारे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेगोच्या विटेचं पेटंट जानेवारी १९५८ चं, त्याची मुदत संपून जमाना झाला. त्यामुळे जुळणाऱ्या विटा स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या रचनेने बनवणं गैर नाही, मोल्ड किंगसारख्या चिनी कंपन्या मोटरच्या गाड्याही काढतात. पण लेगोचाच सेट, त्याचंच चित्र, नाव बदलून विकणं ही चोरी. लेपिन नावाचा कारखाना हेच करायचा, २०१९ मध्ये चिनी पोलिसांनी त्यावर छापा घातला. जुळणारी गाडी घ्यायचीच असेल तर तिचे विजेचे भाग पॉवर्ड अपशी जोडता येणार नाहीत असं धरून चाला. रूळ बहुधा जुळतात.

## ६. सेटसोबत आणखी काय लागतं

- सेल. पॉवर्ड अपच्या हबमध्ये सहा आणि रिमोटमध्ये चार, सगळे बारीक, टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो ते ट्रिपल-ए. म्हणजे पहिल्याच दिवशी दहा.
- रिचार्जेबल निकेल सेल आणि चार्जर. साधा सेल दीड व्होल्टचा, हा १.२ चा. सहा मिळून नऊऐवजी ७.२ व्होल्ट, त्यामुळे गाडी जरा हळू पळते. घरात फिरवायला तेवढा वेग पुरतो आणि गाडी वळणावर पडत नाही.
- हबचं झाकण स्क्रूचं असेल तर लहान चौफुली स्क्रूड्रायव्हर.
- तुकडे सोडवायचं नारिंगी साधन. सेटमध्ये बहुतेकदा येतं. दाताने सोडवू नका, विटेवर खूण राहते आणि दातावरही.
- बारीक चिमटा, आसात अडकलेले केस काढायला.
- लेव्हल, म्हणजे गवंड्याची पाणसळ. मोबाइलमधलीही चालते.

रुळांचा जादा खोका, ६०२०५, लगेच घ्यावासा वाटेल. त्यात ८ सरळ, ४ वळणाचे आणि ८ लवचिक तुकडे येतात. सरळ तुकडे कामाचे. लवचिक तुकड्यांवरून गाडी खडखडत जाते आणि तिथेच जोड सुटते. ते मांडणीत कुठे मिलिमीटर कमी पडत असतील तिथेच वापरा.

## ७. पहिल्यांदा गाडी सोडताना

आधी रूळ, मग गाडी. अंडाकृती पूर्ण जोडा आणि प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर तो सांधा पुन्हा दाबा. मग एकच मोकळा डबा हाताने ढकलत पूर्ण फेरी मारा. जिथे डबा उसळतो तिथे उद्या गाडी घसरणार आहे.

मोटर म्हणजे चार चाकांची बोगीच (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) असते आणि तिच्या चाकांना पकडीसाठी रबरी कडी असतात. वजन या बोगीवर आलं पाहिजे. हब, म्हणजे सेलसकटचा सगळ्यात जड भाग, मोटरच्या वर असेल तर उत्तम. सेटच्या रचनेत हे साधलेलं असतं. नंतर तुम्ही स्वतःचं इंजिन रचताना हब मागच्या डब्यात टाकलात, तर चाकं जागेवर गरगर फिरतील आणि गाडी हलणार नाही.

हब आणि रिमोट दोन्ही चालू करा, दिव्यांचा रंग एक झाला की ते जोडले गेले. वेग एकेक टप्प्याने वाढवा. लाल बटण म्हणजे थांबा. पूर्ण वेगाने आर-४० च्या वळणात शिरलेली गाडी सुरुवातीला मजेशीर दिसते, आणि मग फळीखाली जाते.

डबे चुंबकांनी जोडले जातात. जोड घेतच नसेल आणि उलट ढकलत असेल तर डबा फिरवून लावा.

खेळ झाला की हबचं बटण दाबून तो बंद करा. महिनाभर हात लागणार नसेल तर सेल काढून ठेवा.

## ८. पुढचा खर्च कशावर करावा

नवं इंजिन घ्यावंसं वाटेल. त्याऐवजी आधी सांधे बदलणाऱ्या, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या, रुळांची जोडी घ्या, ६०२३८: एक डावा, एक उजवा. त्याने एक लूप लाइन होते, एक गाडी उभी राहते आणि दुसरी तिला ओलांडते. एका गोलात फिरणारी गाडी आठवड्याभरात कंटाळवाणी होते. सांधे आले की स्टेशन चालवल्यासारखं वाटतं. मांडताना एक नियम पाळा: डावं वळण संपताच लगेच उजवं वळण लावू नका. मधे एक सरळ तुकडा हवा, नाहीतर तिथे डबे एकमेकांना ओढून पाडतात.

रुंद वळणं लेगो स्वतःच्या सेटमध्ये देत नाही. अमेरिकेची ब्रिकट्रॅक्स, पोलंडची ट्रिक्सब्रिक्स अशा वेगळ्या कंपन्या ५६, ७२ आणि त्याहून मोठ्या त्रिज्येचे रूळ बनवतात, तर कॅनडाची एफएक्स ब्रिक्स धातूचे. ५६ चं पूर्ण वर्तुळ ९६० मिलिमीटर रुंद होतं, म्हणजे दिवाणावर मावत नाही पण आठ बाय चारच्या प्लायवर मावतं, आणि त्याच्या आत आर-४० चा दुसरा मार्गही बसतो.

घाट करायची हौस प्रत्येकाला येते. हिशोब असा: पातळ विटेची, म्हणजे प्लेटची, उंची ३.२ मिलिमीटर. दर रुळाच्या तुकड्याला एक प्लेट वाढवली तर चढ चाळीसास एक होतो. बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे, म्हणजे तुम्ही जवळपास कर्जत-लोणावळा करत आहात, जिथे खऱ्या गाडीलाही मागून बँकर इंजिनं लावतात. एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी निदान ११ विटांची उंची लागते, म्हणजे ३३ प्लेटा. म्हणजेच ३३ तुकडे आणि सव्वाचार मीटर, तेही फक्त चढायला. उतरायला तेवढेच. फ्लॅटमध्ये पूल पहिल्या वर्षी नकोच.

आणि शेवटी प्रत्येक मराठी छंदिष्ट येतो तो डेक्कन क्वीनवर. आपली गाडी आपल्या विटांत. लेगोचा तयार डबा सहा स्टड रुंद असतो. आपले डबे नीट दाखवायचे तर आठ स्टड रुंदी लागते, तेव्हा प्रमाण साधारण पन्नासास एक होतं. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या पद्धतीचा, डबा सुमारे २१.३ मीटर लांब, म्हणजे त्या प्रमाणात ४३ सेंटिमीटर, ५३ स्टड. कंपनीचे डबे याच्या निम्म्याच्या आसपास असतात. आर-४० वर एवढा लांब डबा विचित्रपणे बाहेर झुकतो. बहुतेक जण लांबी तीस-बत्तीस स्टडवर आणतात आणि खिडक्या कमी करतात.

रचना ब्रिकलिंकच्या स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा, तुकड्यांची यादी आपोआप मिळते. रुळांची मांडणी ब्लूब्रिकमध्ये, तेही मोफत. पण डबा वळणावर शेजारच्या गाडीला घासतो का, हे पडद्यावर नीट कळत नाही. सुटे तुकडे मागवण्याआधी दोन बोग्या घ्या, त्यांवर ठरवलेल्या लांबी-रुंदीची नुसती एक पट्टी जोडा आणि तुमच्या सगळ्यात अवघड वळणावरून हाताने ढकलून बघा. बोग्या पट्टीच्या टोकांपासून किती आत घ्यायच्या, हेही तिथेच ठरेल.